नडगीतली सुई

उजवा खांदा आखडला तेव्हा पहिली अडचण वेणीची झाली. हात मागे जाईना. मग ब्लाउजच्या हुकांची, मग वरच्या फळीवरच्या साखरेच्या डब्याची, मग रात्री कूस बदलण्याची. फ्रोझन शोल्डर हे नाव मला नवं नव्हतं. आमच्या स्टाफरूममध्ये पन्नाशीच्या आसपासच्या बायकांत दरवर्षी एखादीचा तरी खांदा धरायचा आणि आम्ही तिला फळ्याच्या वरच्या भागात लिहू नकोस म्हणून सांगायचो. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, "दीड-दोन वर्षांत आपोआप सुटतो हा, घाबरू नका," म्हणाले आणि व्यायाम लिहून दिले. दाराला कप्पी टांगून दोरी ओढायची. ती ओढताना मी रोज सकाळी देवाचं नाव घ्यायचे, आणि ते भक्तीनं नसायचं.

चार महिने असे काढल्यावर नणंदेच्या आग्रहाखातर अ‍ॅक्युपंक्चरला गेले. डॉक्टर पस्तिशीची मुलगी, एमबीबीएस होऊन नंतर हे शिकलेली. तिनं खांदा सगळीकडून हलवून पाहिला, कुठे अडतो ते कागदावर टिपलं, आणि खाली स्टुलावर बसत म्हणाली, "काकू, सलवार जरा गुडघ्यापर्यंत वर घ्या."

मला वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. पण तिनं खरोखरच माझ्या पायाकडे मोर्चा वळवला होता. आधी माझ्या हाताची चार बोटं जुळवून दाखवायला सांगितली, ती नजरेनं मोजली. मग उजव्या नडगीवरून बोटं टेकवत टेकवत गुडघा आणि घोटा यांच्या साधारण मध्यावर, हाडाच्या बाहेरच्या अंगाला, एक जागा दाबून धरली. सुई केसासारखी बारीक. प्लास्टिकच्या नळीतून टिचकी मारून आत गेली, तेव्हा टोचल्याचं जेमतेम कळलं. मग तिनं ती चिमटीत धरून हलके हलके फिरवायला सुरुवात केली आणि आत काहीतरी झालं. त्याला दुखणं म्हणता येणार नाही. ठणका, मुंग्या, जडपणा आणि दाटून आल्यासारखं, असं सगळं एकदम.

"आलं?" तिनं विचारलं.

काय यायला हवं होतं ते मला ठाऊक नव्हतं, पण आलं होतं एवढं नक्की.

"आता हात उचला. सावकाश."

उचलला. रोज जिथे अडायचा तिथून चार बोटं वर गेला. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि सत्तावीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला जो प्रश्न पडायचा तोच पडला. नडगीपासून खांद्यापर्यंत हे गेलं कुठल्या रस्त्यानं?

"मेरिडियननं," ती म्हणाली आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं.

तक्त्यावर एक चिनी चेहऱ्याचा माणूस तळवे समोर करून उभा होता आणि त्याच्या अंगावरून रंगीत रेघा धावत होत्या, रेघांवर ठिपके, ठिपक्यांना क्रमांक. मुंबई लोकलचा नकाशा कुणीतरी माणसाच्या अंगावर काढावा तसं ते दिसत होतं. पिवळी रेघ डोळ्याखालून निघून गालावरून, गळ्याशेजारून, छाती-पोटावरून खाली उतरून पायाच्या दुसऱ्या बोटात संपत होती. ही म्हणे जठराची, पंचेचाळीस ठिपक्यांची. माझी सुई तिच्यावर होती. खांद्यावरून जाणारी रेघ वेगळीच होती, तर्जनीतून निघून दंडावरून खांद्यावर जाणारी, मोठ्या आतड्याची. "दोघी नाकाजवळ भेटतात," डॉक्टर म्हणाली. "नावही एकच आहे दोघींचं, एक हातातली, एक पायातली." म्हणजे नडगीतून नाकापर्यंत, तिथे गाडी बदलून खांद्यापर्यंत. दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडल्यासारखं. मी मान डोलावली. विद्यार्थी न समजता मान डोलावतात तेव्हा मला ते लगेच कळायचं. तिलाही कळलं असणार.

मेरिडियन म्हणजे आमच्या पुस्तकातलं रेखावृत्त. सहावी-सातवीच्या मुलांना ते समजावताना मी एक वाक्य इतक्या वेळा उच्चारलंय की झोपेतही म्हणेन: ही रेषा काल्पनिक आहे. भारताची प्रमाणवेळ ठरवणारं साडेब्याऐंशी अंश पूर्वेचं रेखावृत्त मिर्झापूरजवळून जातं, हे सांगितल्यावर एका मुलानं हात वर केला होता. त्याचा काका तिकडे ट्रक घेऊन जायचा. "बाई, काकांना ती रेघ लागते का रस्त्यात?" वर्ग हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न अगदी रास्त होता. रेघ नाही, पण त्या रेघेवर आपण सगळ्यांची घड्याळं लावलीत. मग ती आहे की नाही? त्या दिवशी मी त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. धड दिलं नसणार.

तर घरी येऊन वाचायला घेतलं, आणि पहिली गंमत कळली ती या शब्दाचीच. चिनी लोकांनी या वाटांना मेरिडियन कधी म्हटलंच नव्हतं. हा शब्द रूढ केला तो फ्रान्सच्या सेवेत चीनमध्ये राहून आलेल्या जॉर्ज सूलिए द मोराँ या गृहस्थानं, १९३०च्या दशकात. त्यानंच या वाटांतून वाहते असं मानलेल्या 'छी'ला ऊर्जा म्हटलं. (उच्चार छी असाच आहे. मराठीत छी म्हटलं की नाक मुरडल्यासारखं वाटतं, म्हणून आपल्याकडे सगळे 'ची' लिहितात.) ऊर्जा म्हटल्याबरोबर वीज, बॅटरी, तरंग असलं सगळं डोळ्यांसमोर यायला लागतं. आणि मेरिडियन म्हटल्याबरोबर गोलावर आखलेली, कुठेच नसलेली रेषा. एका माणसाच्या दोन शब्दांनी पुढची नव्वद वर्षं जगाला भलत्याच गोष्टी शोधायला लावल्या, असं माझं मत झालंय.

मूळ चिनी शब्द दोन आहेत. जुना शब्द 'माय'. त्याचा अर्थ रक्त वगैरे जिच्यातून वाहतं ती वाहिनी, आणि वैद्य मनगटावर बोटं ठेवून पाहतो तो ठोकाही. एकच शब्द दोन्हींना. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. आपली नाडी! वैद्यबुवा पाहतात ती नाडी आणि योगवाल्यांच्या इडा-पिंगला-सुषुम्ना याही नाड्याच. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन शब्द घ्यावे लागतात, मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा शब्द 'जिंग-ल्वो'. यातला ल्वो म्हणजे जाळं. आणि जिंग म्हणजे मागावरचा उभा धागा, ताणा. त्या अक्षराच्या डाव्या अंगाला रेशमाचं चिन्ह असतं. ग्रंथालाही हेच अक्षर: पीतसम्राटाच्या नावावर असलेल्या चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथाच्या नावातही हेच 'जिंग' आहे. पुढे बौद्ध ग्रंथ चीनमध्ये पोचले तेव्हा 'सूत्र' या शब्दाला तिथल्या भाषांतरकारांनी हाच प्रतिशब्द दिला. धागा म्हणजे ग्रंथ हे आपल्याकडेही, त्यांच्याकडेही. भाषांतरकारांना केवढं समाधान झालं असेल त्या दिवशी.

आता इथे मला थोडं थांबायला हवं, कारण मी सोलापूरची. पूर्व भागात बालपण गेलं. आमच्या घराच्या भिंतीला लागून मामांची शेड होती. मामा म्हणजे सख्खे नव्हेत; पद्मशाली, घरात तेलुगू, आमच्याशी त्यांची खास सोलापुरी मराठी. सकाळपासून चार यंत्रमागांचा खटखटाट. बाहेरचा माणूस आला की त्याला आमचं बोलणं ऐकू यायचं नाही, आम्हाला माग बंद पडला की झोपेतून जाग यायची. मागच्या बाजूला बीमवर गुंडाळलेले शेकडो धागे, एकाला एक खेटून, फणीतून पुढे येणारे. तो ताणा. आडवा धागा धोट्याबरोबर इकडून तिकडे पळायचा, कांडी संपली की बदलायची. आडवा तुटला तर फारसं बिघडत नसे, त्या ओळीपुरता दोष. पण ताण्यातला एक धागा तुटला आणि पटकन लक्षात आलं नाही, तर तिथून पुढे विणलं जाईल तेवढ्या कापडात एक बारीक उभी रेघ पडत जायची. मामा कापडातली रेघ बघायचे आणि कापडाला हातही न लावता मागाच्या मागे जायचे. शेकडो धाग्यांवरून हात फिरवत तुटका नेमका शोधायचे, गाठ मारायचे आणि माग पुन्हा सुरू. दोष पुढे दिसायचा, इलाज मागे व्हायचा.

नडगीतल्या सुईबद्दल मला जे पटलं ते या शेडमुळे पटलं. शरीरात अमुक ठिकाणी रेघ आहे हे काही मला पटलं नव्हतं. पण ज्याला रोज हातमाग दिसत होता, त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला खांद्याचं दुखणं पायाशी धरता येईल असं का वाटलं असेल, ते मात्र पुरतं कळलं. ताण्याचा विचार करणारा माणूस दुखऱ्या जागेवरच अडून राहत नाही.

त्याच्याकडे दुसरी उपमा होती ती पाण्याची, आणि ती तर थेट माझ्या विषयातली निघाली. पीतसम्राटाच्या त्या ग्रंथात बारा वाहिन्यांच्या जोडीला चीनमधल्या बारा नद्या बसवल्यात. आणि प्रत्येक वाहिनीवर पाच खास जागा सांगितल्यात: बोटाच्या टोकाशी विहीर, मग झरा, मग ओढा, मग नदी आणि कोपरापाशी किंवा गुडघ्यापाशी समुद्र. तळपायाच्या मध्यावरच्या एका बिंदूचं नाव आहे उसळता झरा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल जागेचं नाव मिळालेली दरी. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना ऊर्जाबिर्जा माहीत नव्हती. त्यांना पाटबंधारे माहीत होते. पाणी तुंबलं की वरच्या शेतात चिखल, खालच्या शेतात भेगा. गाळ काढला की दोन्ही सुधारतात. दुखणं म्हणजे तुंबणं, सुई म्हणजे गाळ काढणं.

पण पाण्याचा नकाशा म्हणून तपासायला घेतला की लगेच खटकतं. फुप्फुसाची वाहिनी छातीतून निघून अंगठ्याकडे जाते असं तक्ता सांगतो. आणि तिचीच विहीर अंगठ्यात, समुद्र कोपरात. म्हणजे नदी समुद्राकडून विहिरीकडे वाहते! परीक्षेत कुणी असं लिहिलं असतं तर मी लाल शाईनं गोल केला असता. दोन वेगवेगळ्या सर्वेक्षणांचे कागद कुणीतरी एकावर एक चिकटवलेत हे उघड दिसतं. आणि तसं झालंही असावं. १९७३ साली हुनान प्रांतात छांगशाजवळ मावांगद्वेच्या एका थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे लेख सापडले. थडगं बंद झालं होतं इसवी सनापूर्वी १६८मध्ये. त्यांत वाहिन्या आहेत, पण बारा नाहीत, अकरा. त्यांतल्या एका लेखात सगळ्या अकराही हातापायांच्या टोकांकडून आत येतात, एकमेकींना जोडलेल्या नाहीत. ठिपके नाहीत. आणि सुयाही नाहीत! उपचार सांगितलाय तो वाळलेल्या दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचा शेक देण्याचा.

म्हणजे आधी आल्या रेघा. ठिपके नंतर आले, बारावी रेघ नंतर आली, तिचं टोक हिच्या टोकाला जोडून वर्तुळ पुरं करणं तर आणखी नंतर. सिचुआनमध्ये म्येन्यांग इथं १९९३मध्ये लाखेची एक छोटी काळी बाहुली सापडली, तिच्या अंगावर लाल रेघा आहेत पण ठिपका एकही नाही. ठिपक्यांची संख्या ३६५ असावी असं ग्रंथ म्हणतो, वर्षाचे दिवस तेवढे म्हणून. महिने बारा, नद्या बारा, वाहिन्याही बारा. अकराची बारावी का झाली असेल याचा अंदाज आपल्यासारख्या पंचांगवाल्यांना सहज यावा. पूर्ण आकड्याचा मोह आपल्यालाही चुकलेला नाही.

इथपर्यंत वाचून झाल्यावर मी आमच्या शाळेच्या माजी शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर थोडं टाकलं, आणि अपेक्षेप्रमाणे अर्ध्या तासात उत्तर आलं: हे सगळं मूळचं आपलंच, सुश्रुताची मर्मं चिन्यांनी नेली. नाडीच्या साम्यानं मीही हरखले होते, त्यामुळे रागावता येईना. पण सुश्रुतानं १०७ मर्मं सांगितली ती कशासाठी? तिथे शस्त्र लागू देऊ नका, लागलं तर माणूस मरेल किंवा पांगळा होईल, यासाठी. शल्यकर्म करणाऱ्याला दिलेली ती धोक्याची पाटी आहे. चिनी ठिपका म्हणतो, इथे टोचा. दोन्हींत जागा आहेत एवढ्यावरून ते एकच म्हणणं म्हणजे हॉटेल आणि हॉस्पिटल दोन्हींत खाटा असतात म्हणून ते एकच. मी हे गटावर लिहिलं नाही. मुख्याध्यापिका होत्या गटात.

सगळ्यात जास्त माझ्या मनात भरली ती काशाची माणसं. सोंग राजवटीत, १०२७ साली, वांग वेइयी या राजवैद्यानं पुरुषभर उंचीचे दोन पोकळ काशाचे पुतळे ओतवून घेतले. अंगावर ३५४ बिंदूंची नावं कोरलेली, प्रत्येक जागी भोक. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला बाहेरून मेणाचा लेप द्यायचे, म्हणजे भोकं बुजली, नावं झाकली. आत पाणी भरायचं. पारा भरत असंही सांगतात. परीक्षक बिंदूचं नाव घेणार, विद्यार्थ्यानं मेणातून सुई खुपसायची. जागा बरोबर असेल तर सुईवाटे पाणी ठिबकणार, नसेल तर सुई काशावर आपटून वाकणार. इतकी चोख तोंडी परीक्षा मी आयुष्यात पाहिली नाही. वशिला नाही, ग्रेस मार्क नाहीत. पण तिच्यात एक मेख आहे आणि ती मला रात्री अंथरुणात पडल्यावर जाणवली. पाणी ठिबकतं ते पुतळ्याला तिथे भोक पाडलंय म्हणून. विद्यार्थ्याला पुतळा पाठ आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं. रुग्णाच्या अंगात तिथे काही आहे का, हे पुतळा कसं सांगणार?

ते सांगण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. उत्तर कोरियात किम बोंग-हान नावाच्या संशोधकानं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जाहीर केलं की वाहिन्या सापडल्या, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या बारीक नळ्या आहेत त्या. देशभर जयजयकार झाला. दशकाच्या मध्यानंतर मात्र त्याचं काम बंद झालं आणि त्याचं नावही ऐकू येईनासं झालं. पॅरिसमध्ये १९८५ साली बिंदूंमध्ये किरणोत्सारी द्रव्य टोचून त्याचा माग काढला गेला आणि छायाचित्रांत मेरिडियनच्या वाटा उमटल्या असं सांगण्यात आलं. इतरांनी तपासलं तेव्हा ते द्रव्य साध्या शिरांमधून जात होतं. प्रत्येक वेळी तेच. मिर्झापूरला उतरून रस्त्यावर रेघ शोधायची.

चीनमध्येही हा वाद नवा नाही. १८२२ साली सम्राटानं राजवैद्यांच्या संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर हद्दपार केलं होतं. १९२९मध्ये तर देशी वैद्यकच बंद करण्याचा ठराव आला आणि वैद्य मंडळी शांघायमध्ये जमून उभी राहिली. त्याच काळात छंग दानआन या वैद्यानं शरीरशास्त्राची नवी पुस्तकं समोर ठेवून बिंदूंच्या जागा रक्तवाहिन्यांपासून दूर सरकवल्या आणि जाडजूड सुयांच्या जागी आजच्या बारीक सुया आणल्या. म्हणजे माझ्या नडगीत शिरलेली ती केसासारखी सुई काही दोन हजार वर्षांची नाही, शंभरेक वर्षांचीच रीत आहे. (आणि जुन्या सुया तरी कसल्या! लिउ शंग या प्राचीन चिनी राजपुत्राच्या थडग्यात सोन्याच्या चार आणि चांदीच्या पाच सुया सापडल्या होत्या. आमच्या डॉक्टरकडे दहाच्या पाकिटात येतात, वापरून फेकायच्या.)

२००६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं जपानमध्ये त्सुकुबा इथे चीन, जपान, कोरियाचे आणि इतर तज्ज्ञ बसले, सगळ्यांचे बिंदू एकाच जागी आणायला. ३६१ बिंदू. त्यांतल्या ३५५वर एकमत झालं आणि सहांवर झालं नाही, त्यांच्या दोन-दोन जागा नोंदवून ठेवल्या. मला १८८४ची वॉशिंग्टनची परिषद आठवली. ग्रीनिच हे शून्य रेखावृत्त ठरवायला बरेच देश जमले होते, मतदान झालं, फ्रान्स तटस्थ राहिला आणि पुढची कित्येक वर्षं आपल्या पॅरिसच्याच रेषेवर अडून बसला. म्हणजे सूलिए द मोराँनं दिलेलं नाव अगदीच चुकलं नव्हतं म्हणायचं. शेवटी टेबलाभोवती बसून ठरवलेल्याच झाल्या त्या रेषा.

माझ्या डॉक्टरला हे सगळं सांगितलं तर ती चिडेल असं वाटलं होतं. ती सुया लावता लावता हसली. "काकू, तुम्ही जर्मनीचा अभ्यास नाही का वाचला?" मग तिनंच सांगितला. २००७ साली प्रसिद्ध झालेला, कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरचा. तीन गट: एकाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, एकाला बिंदू नसलेल्या भलत्याच जागी वरवर सुया, एकाला औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी बरं वाटलेले: पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२, तिसऱ्यात २७.४. "म्हणजे सुयांनी औषधांपेक्षा जास्त फरक पडला. आणि कुठे टोचली यानं फारसा फरक पडला नाही," ती म्हणाली. हातात सुई धरून ती हे म्हणत होती याचं मला फार अप्रूप वाटलं. दुसऱ्या काही मोठ्या संकलनांत खऱ्या बिंदूंना थोडं अधिक माप मिळतं, हेही तिनं सांगितलं. थोडंच.

"मग तुम्ही एवढं मोजून का टोचता?"

"कुठेतरी टोचायचंच आहे ना. मग जिथे हजारो लोकांनी टोचून पाहिलंय तिथे टोचते." थोडं थांबून म्हणाली, "आणि मोजताना माझा हात पेशंटवर असतो. ते पण असेल."

तिनंच मला लँजेव्हिन यांच्या कामाबद्दल सांगितलं. हेलेन लँजेव्हिन यांनी अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे हातावरचे सुमारे ८० टक्के बिंदू स्नायूंमधल्या पातळ पडद्यांच्या फटींवर येतात. आणि दुसरी म्हणजे सुई फिरवली की त्या पडद्यांतले तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात. सुई धरली गेल्यासारखी वाटते ती त्यामुळे. जुने चिनी वैद्य या क्षणाचं वर्णन करताना गळाला मासा लागल्याची उपमा देत. मला आठवली ती टकळी. चातीला सूत गुंडाळतं ना, अगदी तसं. पहिल्या दिवशी नडगीत जे आलं होतं ते कदाचित एवढंच असेल: माझ्याच अंगातलं सूत, पोलादाला दिलेला एक वेढा. यानं मेरिडियन सिद्ध होत नाही, तंतू अंगभर सगळीकडेच असतात. पण ताणा हा शब्द निवडणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

सोलापूरची आहे म्हटल्यावर आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या गावचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. सोलापूरच्या प्रत्येक शाळेत हे शिकवलं जातं. त्यांच्याच पथकातले बंगालचे डॉ. बिजय कुमार बसू मात्र परतले, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि ते कोलकात्याला घेऊन आले. भारतातल्या अ‍ॅक्युपंक्चरची सुरुवात तिथून धरतात. आणि त्या मैत्रीच्या ओढीनं पुढे कितीतरी सुयांच्या दवाखान्यांना नाव मिळालं ते कोटणीसांचं. लुधियान्यात तर त्यांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयच आहे. कोटणीस शल्यचिकित्सक होते, हातात चाकू धरणारे. पण नाव त्यांचं लागलं. आज महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे. सोलापुरातून गेलेला धागा कोलकात्याहून फिरून पुण्यात माझ्या नडगीपर्यंत आला, असं म्हणायचा मोह होतो. पण बारावी रेघ अशीच काढली जाते, हे आता मला माहीत आहे.

बारा बैठका झाल्या. नवव्या महिन्यात वेणी घालता आली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, सुटणारच होता. अ‍ॅक्युपंक्चरवाली म्हणाली, लवकर सुटला. कप्पीची दोरी अजून दाराला लटकतेय, तिनं काही दावा केलेला नाही.

आमच्या घरात या सगळ्याला हसणारे एकच, आमचे हे. गेल्या आठवड्यात चालून आल्यावर गुडघा चोळत बसले होते. पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "तो तुमचा गुडघ्याखालचा बिंदू कुठे असतो म्हणालीस?" मी जिंकल्याचा चेहरा न करता त्यांच्यासमोर बसले, वाटीखाली माझी चार बोटं आडवी ठेवली, नडगीच्या बाहेर एक बोट सरकले आणि दाबलं. "इथे. तीन ली चाललेल्या पायाचा बिंदू." (ली हे अंतराचं चिनी माप.) ते म्हणाले, काही होत नाहीये.

मग मला आठवलं, डॉक्टरनं आधी माझी बोटं का बघितली होती ते. या नकाशाला बाहेरचं प्रमाण चालत नाही. ज्याचं अंग, त्याचंच माप. माझी बोटं बारीक. ह्यांना त्यांचीच चार बोटं जुळवून ठेवायला लावली. बिंदू अर्धा इंच खाली गेला.

"हां," ते म्हणाले आणि पेपर बाजूला ठेवला.